स्टेल्थ फायटर जेट खरंच किती पळतं आणि त्याच्या इंजिनात दम किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी परभणी जिल्ह्यात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. मे २०२५ च्या भारत-पाक संघर्षापासून आमच्या वर्गात गुरुत्वाकर्षण कमी आणि विमानं जास्त झालीत, तास संपला की पोरं टेबलाभोवती गोळा होतात, काहीजण रात्री साडेअकराला व्हॉइस नोट पाठवतात, आणि सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच. म्हणून एकदाच नीट बसून लिहून काढलं. स्टेल्थ म्हणजे रडारला सहज न दिसणारं विमान, एवढं आधी लक्षात घ्या. मला हा विषय मनापासून आवडतो त्यामुळं काही ठिकाणी लांबलंय, ते चालवून घ्या.

सर, एका दमात सांगा, सगळ्यात जास्त कोण पळतं?

एफ-२२ रॅप्टर. अमेरिकन हवाई दल त्याला अधिकृतपणे "मॅक २ च्या वर्गातलं" म्हणतं, म्हणजे आवाजाच्या दुप्पट वेगाच्या आसपासचं, नेमका आकडा ते देत नाहीत. रशियाचं एसयू-५७ आणि चीनचं जे-२० हे पण मॅक २ च्या आसपास धरतात. एफ-३५ चा अधिकृत आकडा मॅक १.६. आणि जगातलं पहिलं स्टेल्थ "फायटर" म्हणून ज्याचं नाव घेतात ते एफ-११७, ते तर आवाजाच्या वेगाच्या खालीच उडायचं.

आता एवढं वाचून थांबू नका, कारण हे आकडे खरे असले तरी अर्धेच आहेत. कोणत्या उंचीवर, किती ओझं घेऊन, किती वेळ, आणि आफ्टरबर्नर (जादा जोरासाठी इंजिनाच्या मागच्या नळीत परत तेल पेटवायची सोय) लावून की न लावता, ह्या चार गोष्टी सांगितल्याशिवाय टॉप स्पीडला काही अर्थ नाही.

मॅक १.६ म्हणजे ताशी किती किलोमीटर? एका ठिकाणी १,९३० वाचलं, दुसरीकडं १,७००.

हा सगळ्यात चांगला प्रश्न आहे आणि गोंधळ इथूनच सुरू होतो. मॅक म्हणजे त्या जागेच्या हवेत आवाजाचा जो वेग असतो त्याची पट. आणि आवाजाचा वेग हवेच्या तापमानावर ठरतो. समुद्रसपाटीला १५ अंशांत तो ताशी १,२२५ किमीच्या आसपास. ११ किमी उंचीवर हवा उणे ५६ अंश, तिथं तो १,०६२ पर्यंत उतरतो. आणि आपल्याकडं मे महिन्यात नांदेड-परभणीत पारा ४५ ला टेकतो तेव्हा जमिनीवर तोच वेग १,२८७ च्या जवळ जातो.

म्हणजे मॅक १.६ ला समुद्रसपाटीच्या हिशोबानं गुणलं की १,९६० येतं, आणि जिथं विमान खरंच तो वेग गाठतं त्या उंचीच्या हिशोबानं १,७००. एफ-३५ साठी जिकडं तिकडं छापलेला "१,२०० मैल म्हणजे १,९३० किमी" हा आकडा समुद्रसपाटीच्या जवळपासचा आहे. पण समुद्रसपाटीला हवा इतकी दाट की तिथं मॅक १.६ गाठायचा कोणी प्रयत्नही करत नाही. त्यामुळं मी पोरांना सांगतो की किलोमीटरमधला आकडा दिसला की आधी विचारा, कितव्या उंचीवरचा? उंचीवर मॅक २ म्हणजे २,१२० च्या आसपास, हे एकच लक्षात ठेवा, बाकी भागाकार-गुणाकार करून निघतं.

अंतराच्या भाषेत सांगतो. नांदेड ते छत्रपती संभाजीनगर सरळ रेषेत २२० किमीच्या आसपास. मॅक १.६ नं पावणेआठ मिनिटं लागतील, मॅक ०.९ नं चौदा मिनिटं. फरक सहा मिनिटांचा. लढाईत सहा मिनिटं लई मोठी असतात, हे खरं, पण त्या सहा मिनिटांसाठी टाकीतलं किती तेल जातं ते पुढं बघू.

खरा स्पीड लपवतात का?

हो, काही प्रमाणात लपवतात, आणि त्यात नवल काही नाही. "मॅक २ च्या वर्गातलं" हे शब्दच बघा, त्यात १.९ पण बसतं आणि २.२ पण. इंजिनाचं पण तसंच, एफ-२२ च्या एफ-११९ इंजिनाला "३५,००० पाउंडांच्या वर्गातलं" म्हणतात.

पण लपवतात म्हणजे खरा आकडा मॅक ३-४ असेल असं डोक्यात घेऊ नका. हवेचं भौतिकशास्त्र कुणाला लपवता येत नाही. विमान जोरात जायला लागलं की पुढची हवा दबते आणि तापते. ११ किमीवर हवा उणे ५६ असली तरी मॅक १.६ ला विमानाच्या टोकाशी ती ५४ अंश होते, मॅक २ ला ११७, मॅक २.५ ला २१४, आणि मॅक ३ ला ३३३ अंश. हे बारावीच्या पोराला वहीत करता येतं. आता स्टेल्थ विमानाच्या अंगावर रडारच्या लहरी शोषणारा लेप असतो, कडा-सांधे सगळे त्याच मालानं भरलेले असतात, अंगाचा बराच भाग कार्बन फायबरचा. हा माल ५४ अंश आरामात सोसतो, ११७ जपून, आणि ३३३ अंशात त्याचं काय होईल ते सांगायची गरज नाही. आकडा कितीही गुप्त ठेवा, हा बांध ओलांडता येत नाही.

एफ-३५ चा लेप जळतो म्हणे, खरं आहे का?

जळून विमान पडलं असं काही नाही. पण २०१९ मध्ये बातमी बाहेर आली की २०११ च्या चाचण्यांत एफ-३५बी आणि एफ-३५सी ह्या दोन मॉडेलांच्या शेपटीकडच्या लेपाला फोड आले होते, आफ्टरबर्नर लावून लई उंचीवर जास्त वेळ जोरात उडवल्यानं. त्यावर उपाय म्हणून विमान बदललं नाही, वेळेची मर्यादा घातली. बी ला मॅक १.३ वर ४० सेकंद, सी ला ५० सेकंद, असे आकडे तेव्हा छापून आले. हवाई दलाच्या एफ-३५ए ला ही मर्यादा नव्हती.

मला ह्या बातमीत एक गोष्ट फार महत्त्वाची वाटली. टॉप स्पीडच्या खाली सेकंदं लिहिलेली असतात. आपण कागदावर फक्त वरचा आकडा वाचतो.

राफेल मॅक १.८, मिग-२१ मॅक २, आणि एवढं महागाचं एफ-३५ फक्त १.६? काहून?

काहून ते सांगतो. राफेल असो की एफ-१६, त्यांचा टॉप स्पीड मोजतात तेव्हा विमान जवळपास मोकळं असतं. प्रत्यक्ष मोहिमेवर निघताना पंखाखाली बॉम्ब, क्षेपणास्त्रं, वर तेलाच्या जादा टाक्या, हे सगळं बाहेर लटकतं आणि वाऱ्याला अडतं. मग तो मॅक १.८ किंवा २ कागदावरच राहतो, बऱ्याचदा आवाजाचा वेग ओलांडणं पण जड जातं.

एफ-३५ दोन हजार पाउंडांचे दोन बॉम्ब आणि दोन क्षेपणास्त्रं पोटात घेऊन, दारं बंद करून मॅक १.६ गाठतं. तेलही पोटात, ए मॉडेलमध्ये साधारण ८,३०० किलो. बाहेर काहीच नाही. म्हणून त्याचा १.६ हा कामाचा १.६ आहे. आमच्या गावच्या भाषेत, एकजण रिकामा पळून पहिला येतो आणि दुसरा पोतं खांद्यावर घेऊन त्याच्या जवळपास येतो, तर रानात कामाला कोणाला बोलवाल?

ह्या पोटामुळं विमान जाडं होतं, जाडं झालं की वारा जास्त अडतो, आणि तिथंच वरचा वेग मार खातो. शिवाय वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो आणि लागणारी ताकद घनानं. मॅक १.६ वरून २ वर जायचं म्हणजे वेग चारआणे वाढला, पण अडथळा दीडपटीच्या वर आणि ताकद जवळजवळ दुप्पट लागणार. अमेरिकेनं एफ-३५ करताना हा खर्च नको म्हणून सोडून दिला. मला तो निर्णय बरोबर वाटतो.

इंजिन किती हॉर्सपॉवरचं असतं?

जेट इंजिनाची ताकद एचपीत मोजत नाहीत, ढकलायच्या जोरात मोजतात, त्याला थ्रस्ट म्हणतात, आणि तो पाउंडांत किंवा किलोन्यूटनमध्ये लिहितात. एफ-३५ चं एफ-१३५ इंजिन आफ्टरबर्नरसकट ४३,००० पाउंड देतं, म्हणजे १९१ किलोन्यूटन, म्हणजे साडेएकोणीस टन. उसानं खच्चून भरलेल्या दोन ट्रॉल्या उचलून धरण्याएवढा जोर, तो पण एका इंजिनात. एफ-२२ ला प्रत्येकी ३५,००० पाउंडांची दोन, मिळून जवळपास बत्तीस टन.

एचपीत काढायचंच असेल तर जोर गुणिले वेग. आणि इथं गंमत बघा, विमान ब्रेक लावून रनवेवर उभं आहे, इंजिन पूर्ण ताकदीनं गरजतंय, तरी वेग शून्य म्हणून ढकलण्याची पॉवर शून्य! तेच विमान सेकंदाला ३०० मीटरनं उडताना १०० किलोन्यूटन जोर लावत असलं तर ३० मेगावॅट होतात. परळीच्या औष्णिक केंद्रातल्या २५० मेगावॅटच्या एका संचाचा आठवा भाग. एचपीत चाळीस हजारांच्या वर, म्हणजे ४५ एचपीचे नऊशे ट्रॅक्टर एका दमात. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरचा एक पोरगा, ज्याच्या घरी खरंच ट्रॅक्टर आहे, तो वही काढून गुणाकार तपासत बसला होता. बरोबर आला.

मग हा ४३,००० चा आकडा कायम मिळतो का?

नाही, आणि हे आपल्या लोकांना सगळ्यात लवकर कळायला पाहिजे. बोअरवर पाच एचपीची मोटर बसवली, प्लेटवर ५ लिहिलंय, पण रात्री व्होल्टेज पडलेलं, पाणी चारशे फुटांवर गेलेलं, मग पाइपातून काय येतं ते आपल्याला माहितीय. प्लेट खोटी नसते. प्लेटवरचा आकडा कंपनीच्या टेस्टिंग टेबलावरचा असतो.

जेटचं तसंच आहे. छापलेला थ्रस्ट म्हणजे इंजिन जमिनीवर स्टँडला बांधून, समुद्रसपाटीला, १५ अंशांच्या हवेत, उभ्या जागी मोजलेला. संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साधारण ५८० मीटर उंच. तिथं मे महिन्याच्या दुपारी ४५ अंशांत हवेची घनता त्या आदर्श हवेपेक्षा जवळपास १५ टक्के कमी असते. इंजिन हवा खाऊनच जगतं, हवाच पातळ झाली की जोर उतरतो आणि उडायला रनवे जास्त लागतो. आपल्या देशातल्या हवाई दलाला म्हणूनच युरोपच्या थंड हवेतले आकडे जसेच्या तसे घेऊन चालत नाही, राजस्थानातला उन्हाळा आणि लेहची उंची, दोन्हीत विमान उडवून बघावं लागतं.

उलट ११ किमीवर घनता समुद्रसपाटीच्या तीस टक्केच उरते, त्यामुळं तिथं थ्रस्टही लई कमी होतो. पण वाऱ्याचा अडथळाही तेवढाच कमी, शिवाय विमान वेगात असल्यानं हवा आपोआप इंजिनात कोंबली जाते, त्यानं थोडी भरपाई होते. म्हणून टॉप स्पीड नेहमी उंचावरच मिळतो.

आफ्टरबर्नर म्हणजे नेमकं काय? मागून ज्वाळा निघते तेच ना?

तेच. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या हवेत बराच ऑक्सिजन शिल्लक असतो. मागच्या नळीत त्याच्यावर परत तेल फवारतात आणि पेटवतात, की जोर एकदम वाढतो. एफ-१३५ चं बघा, आफ्टरबर्नरशिवाय २८,००० पाउंड, लावला की ४३,०००. दीडपट. पण प्रत्येक किलो जोरामागं तेल दुपटीच्या वर जळतं, म्हणजे एकूण खर्च तिप्पट-साडेतीनपट. जमिनीजवळ पूर्ण आफ्टरबर्नर लावून ठेवला तर एफ-३५ ची ८,३०० किलोची टाकी पाव तासाच्या आसपास रिकामी होईल. तर टॉप स्पीडचं आयुष्य एवढंच असतं, मिनिटांत मोजायचं, आणि परत यायला तेल ठेवायचं असतं ते वेगळं.

फेब्रुवारी २०२५ ला मी नांदेडहून रेल्वेनं बेंगळुरूला गेलो होतो, येलहंकाच्या एअर शोला, त्या वर्षी एसयू-५७ आणि एफ-३५ दोन्ही आली होती. एसयू-५७ समोरून गेलं आणि नाक वर करून चढायला लागलं तेव्हा आवाज कानात नाही आला, बरगड्यांत आला. हातातल्या प्लास्टिकच्या बाटलीतलं पाणी थरथरत होतं, मी बोटानं बाटली दाबून बघितली, तरी ते कंपन बोटाला जाणवत होतं. त्या वेळी विमानाचा वेग आवाजापेक्षा बराच कमी होता, शोमध्ये आवाजाचा वेग ओलांडतच नाहीत. त्या दिवशी मला कळलं की आपण वेग वेग करत बसतो पण बघायचं ते इंजिन आहे. शेजारी लातूरचे एक काका उभे होते, टोपी हातात धरून, ते एवढंच म्हणाले, "हे आपलं पाहिजे होतं राव."

सुपरक्रूझ हा काय प्रकार आहे?

आफ्टरबर्नर न लावता आवाजाच्या वर सलग उडत राहणं. माझ्या मते स्टेल्थ विमानांत खरा विचारायचा आकडा हाच. एफ-२२ आफ्टरबर्नरशिवाय मॅक १.५ च्या वर राहू शकतं, हे अमेरिकन हवाई दल स्वतः सांगतं. त्यात फायदा दुहेरी, तेल वाचतं म्हणून लांब जाता येतं, आणि मागं ज्वाळा नसल्यानं उष्णता शोधणाऱ्या सेन्सरला लवकर दिसत नाही. शिवाय वेगात आणि उंचीवरून सोडलेलं क्षेपणास्त्र जास्त लांब जातं.

एफ-३५ ला हे त्या अर्थानं जमत नाही. कारण इंजिनाच्या आखणीत आहे. जेट इंजिनात थोडी हवा मधल्या गाभ्यातून जाते आणि थोडी बाहेरून वळसा घालून. एफ-११९ मध्ये वळशाची हवा गाभ्याच्या साधारण ०.३ पट, एफ-१३५ मध्ये ०.५७ पट. वळसा जास्त असला की कमी वेगात तेल वाचतं आणि लांब पल्ला मिळतो, वळसा कमी असला की मागून निघणारी हवा जास्त वेगानं निघते आणि आवाजाच्या वर दम टिकतो. एक इंजिन लांबच्या वाटेसाठी, एक झेपेसाठी. जोर मोठा असलेलं एफ-१३५ लहान जोराच्या एफ-११९ ला ह्या कामात हरतं, हे पोरांना आधी पटतच नाही.

वजनाशी ताळा पण घालून बघा. एफ-२२ रिकामं १९.७ टन, तेल ८.२ टन, आणि जोर बत्तीस टनांजवळ. जोर वजनापेक्षा जास्त. एफ-३५ए रिकामं १३.३ टन, तेल ८.३, जोर साडेएकोणीस. पूर्ण तेलावर जोर वजनापेक्षा कमी पडतो, अर्धं तेल जळाल्यावर वरचढ होतो.

स्टेल्थमुळं इंजिनाचा दम कमी होतो का?

थोडा होतो. इंजिनाच्या पुढच्या पंख्याची पाती रडारला आरशासारखी चमकतात, म्हणून ती लपवायला हवेची नळी इंग्रजी एस सारखी वाकडी करतात. हवा वळणं घेत आत जाते तेव्हा थोडा दाब वाया जातो. एफ-१५ सारख्या जुन्या विमानांत हवेच्या तोंडाशी हलत्या पट्ट्या असायच्या, वेगाप्रमाणं तोंड लहान-मोठं व्हायचं, त्यामुळं ते मॅक २.५ पर्यंत जायचं. पण हलत्या पट्ट्या म्हणजे फटी, आणि फटी रडारला दिसतात. म्हणून एफ-२२ आणि एफ-३५ मध्ये तोंड पक्कं, न हलणारं. एफ-३५ मध्ये तर तोंडाशी फक्त एक फुगवटा दिलाय, तोच हवेला वळवतो, जे-२० मध्ये पण तेच.

सगळ्यात टोकाचं उदाहरण एफ-११७. हवा घ्यायच्या तोंडावर बारीक जाळी, मागं चपटी पसरट फट, आफ्टरबर्नर नाही. आणि त्यात होतं जनरल इलेक्ट्रिकचं एफ-४०४ इंजिन, ज्याची सुधारलेली आवृत्ती आज आपल्या तेजसमध्ये आहे! एकच घराणं, अमेरिकेनं ते लपायला वापरलं आणि आपण आफ्टरबर्नरसकट पळायला.

रशिया आणि चीनचं काय? त्यांची इंजिनं भारी आहेत का?

एसयू-५७ मध्ये सध्या एएल-४१एफ१ ची जोडी, प्रत्येकी साडेचौदा ते पंधरा टन. जोर एफ-२२ च्या जवळ जातो. त्याच्यासाठी नवीन इंजिन २०१७ च्या डिसेंबरात पहिल्यांदा उडालं, विमानं मात्र बरीच वर्षं जुन्यावरच येत राहिली. चीनच्या जे-२० नं २०११ ला पहिलं उड्डाण केलं तेव्हा त्यात रशियन घराण्याचं इंजिन होतं, नंतर त्यांनी स्वतःचं डब्ल्यूएस-१० बसवलं, आणि त्याच्याहून मोठं डब्ल्यूएस-१५ त्याच्यासाठीच आणलं. म्हणजे विमानाचा सांगाडा आधी, मनासारखं इंजिन लई उशिरा. जगात सगळ्यांचं हेच झालंय.

इंजिन बनवणं एवढं अवघड का? आपलं कावेरी काय झालं?

टर्बाईनच्या तोंडाशी वायू १,६०० अंशांच्या वर असतो. आणि तिथलं पातं ज्या निकेलच्या मिश्रधातूचं असतं तो १,३५० च्या आसपासच वितळायला लागतो. म्हणजे पातं त्याच्या वितळण्याच्या वरच्या आगीत, मिनिटाला हजारो फेरे घेत, तासन् तास फिरतं आणि टिकतं. ते पातं आतून पोकळ असतं, बारीक छिद्रांतून थंड हवा बाहेर येऊन अंगावर पांघरुणासारखी पसरते, आणि ते अख्खं पातं एकाच स्फटिकाचं ओततात, खडीसाखरेचा एक मोठा खडा असतो तसं, मध्ये सांधाच नाही, कारण तापल्यावर धातू सांध्यातच सुटतो. असं पातं ओतायला येणारे देश बोटांवर मोजण्याइतके आहेत.

कावेरी म्हणजे आपल्या तेजस विमानासाठी आखलेलं देशी इंजिन. ते १९८९ ला मंजूर झालं, बेंगळुरूच्या जीटीआरई कडं, ती डीआरडीओची जेट इंजिनांवर संशोधन करणारी संस्था. लक्ष्य होतं ८१ किलोन्यूटन. ते जमलं नाही, वजन पण जास्त झालं, आणि २००८ ला तेजसपासून ते वेगळं केलं. मला ह्याचं मनापासून वाईट वाटतं, पण ज्यांनी तीस वर्षं ते केलं त्यांना नावं ठेवायची माझी तयारी नाही, त्यांनी शून्यातून जे शिकून ठेवलंय ते कुणी विकत देत नाही. विकत घ्यायचं म्हटलं की काय होतं ते तेजस मार्क-१ए मध्ये दिसलंच, ९९ इंजिनांचा करार २०२१ चा आणि त्यातलं पहिलं इंजिन हातात आलं मार्च २०२५ ला. विमानाचे सांगाडे तयार, इंजिनाची वाट बघत उभे.

आपलं स्वतःचं स्टेल्थ म्हणजे ॲम्का. मार्च २०२४ ला त्याच्या विकासाला १५,००० कोटींची मंजुरी मिळाली. २५ टनांच्या वर्गातलं, सुरुवातीला अमेरिकन एफ-४१४ इंजिनांची जोडी, प्रत्येकी ९८ किलोन्यूटन म्हणजे दहा टन. नंतरच्या आवृत्तीसाठी १२० किलोन्यूटनचं इंजिन फ्रान्सच्या साफ्रानबरोबर इथंच विकसित करायचं ठरलंय. पोरं मला ॲम्काचा टॉप स्पीड विचारतात, मी त्यांना म्हणतो, ह्या इंजिनाच्या बातमीवर नजर ठेवा.

सर, आमच्याकडं मोठा धडाम आवाज झाला, खिडक्या हादरल्या. स्टेल्थ विमान होतं का?

हा प्रश्न आपल्या भागात हसण्यावारी न्यायचा नाही. १९९३ चं किल्लारी ज्यांनी बघितलं त्यांच्या घरात आजही भांडं पडलं तरी माणूस दचकून दाराकडं बघतो.

विमान आवाजाच्या वर उडतं तेव्हा त्याच्यामागं दाबाची लाट जमिनीवर फरफटत येते, ती आपल्यावरून गेली की धडाम होतं. फायटरचा आवाज बऱ्याचदा जोडीनं येतो, धड्-धड्, लगेच. खिडक्या-पत्रे वाजतात पण जमीन हलत नाही. ११ किमीवरून गेलेल्या विमानाचा असा आवाज साधारण ५०-६० किमी रुंद पट्ट्यात ऐकू येतो, त्यामुळं एकाच वेळी दोन-तीन तालुक्यांतून फोन येतात. महाराष्ट्रात पुण्याच्या लोहगावला सुखोई-३० चा तळ आहे आणि नाशिकच्या ओझरला तीच सुखोई-३० बनतात, तर आवाज आला तर तो साध्या फायटरचा असण्याची शक्यता जास्त, स्टेल्थ आपल्याकडं अजून नाहीच. पायाखाली घरघर जाणवली, टांगलेली वस्तू डोलत राहिली, तर मात्र विमानाचा विचार सोडा, घराबाहेर मोकळ्यात या आणि तहसीलला कळवा.

जुनं मिग-२५ तर मॅक २.८३ पळायचं, मग पुढं जायच्या ऐवजी आपण मागं आलो का?

मागं नाही आलो. मिग-२५ आपल्या हवाई दलात १९८१ ते २००६ होतं, बरेलीला, आणि फोटो काढायला उंचावरून जायचं. ते बहुतेक पोलादाचं होतं, उष्णता सोसायला. २.८३ ही पाळायची मर्यादा, त्याच्यावर पळवलं तर इंजिनं बाद व्हायची, १९७१ मध्ये इजिप्तकडून उडताना एकानं मॅक ३.२ गाठल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे आणि इंजिनं कामातून गेल्याची पण. अमेरिकेच्या एसआर-७१ नं २८ जुलै १९७६ ला ताशी ३,५२९ किमीचा विक्रम केला, तो आजही टिकून आहे. तेव्हा वेग हीच ढाल होती, मागून क्षेपणास्त्र येऊन पोचलं नाही पाहिजे. आता क्षेपणास्त्र मॅक ४ नं येतं, नुसतं पळून त्याला चुकवणं अवघड. मग पळण्यापेक्षा दिसलंच नाही तर बरं.

मला इंजिनात काम करायचंय. गावाकडून कसं जायचं?

पायलट व्हायचं असेल तर संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे, सरकारी आहे, दहावीनंतर प्रवेश परीक्षा देऊन एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची) तयारी होते. एनडीएची दारं २०२२ पासून मुलींनाही उघडलीत, हे मुलींच्या आईवडिलांनी मुद्दाम वाचावं.

पण इंजिनासाठी मेकॅनिकल, मेटलर्जी किंवा एरोस्पेस. त्यातही मेटलर्जीकडं आपली पोरं बघतच नाहीत, आणि वर सांगितलेलं पातं ओतायचं काम त्यांचंच आहे. तिथून डीआरडीओ, जीटीआरई, किंवा विमानं बनवणारी सरकारी कंपनी एचएएल. इंजिनिअरिंगची फी जमत नसेल तर आयटीआय करा, फिटर, टर्नर, मशिनिस्ट, एचएएलच्या नाशिकला आयटीआयवाल्यांची अप्रेंटिसशिप निघते. गेल्या वर्षी माझा एक विद्यार्थी फिटर ट्रेडला गेला, पहिल्या महिन्यात त्याला फक्त कानस चालवायला लावलं, तो वैतागून फोन करायचा. मी त्याला सांगितलं, अर्धा मिलिमीटर सरळ घासता आला की मला फोटो पाठव. गेल्या आठवड्यात पाठवला, गुण्या लावून, उजेडासमोर धरून, फटीतून उजेड दिसत नव्हता.